सावित्रीचा पूल आणि थांबण्याचा नियम

१/ महाडहून पोलादपूरच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात मुंबई-गोवा महामार्ग सावित्री नदी ओलांडतो. महाबळेश्वराच्या पठारावर उगम पावलेली ही नदी पोलादपूरच्या खोऱ्यातून उतरते, महाडजवळ काळ आणि गांधारी या नद्यांचे पाणी पोटात घेते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला १९२७ साली. त्यानंतर वर्षभराने, १९२८ मध्ये, या नदीवर दगडी कमानींचा पूल उभा राहिला. पुढे शेजारी नवा पूल झाला. गोव्याकडे जाणारी वाहने नव्या पुलावरून आणि मुंबईकडे येणारी वाहने जुन्यावरून, अशी विभागणी झाली.

२/ २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीला मोठा पूर होता. मध्यरात्रीच्या सुमारास जुन्या पुलाचा मोठा भाग कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या एसटीच्या दोन बस आणि एक मोटार अंधारात नदीत गेली. सुमारे चाळीस माणसांचा बळी गेला. क्रेनला अवजड लोहचुंबक टांगून शोध घेतला गेला, नौदलाचे पाणबुडे उतरले, तरी बसगाड्यांचे सांगाडे हाती लागायला आठवड्याहून अधिक काळ लागला. काही मृतदेह नदीने थेट खाडीपर्यंत वाहून नेले होते.

३/ या पुलाची तपासणी त्याच वर्षी मे महिन्यात झाली होती आणि त्याला धोका नसल्याचे आढळले होते, असे सरकारने दुर्घटनेनंतर विधिमंडळात सांगितले. तपासणीच झाली नाही, असे येथे म्हणता येत नाही. म्हणून प्रश्न अधिक अवघड होतो. तपासणी नेमके काय विचारते, आणि शंकेची एखादी खूण दिसलीच तर पुढे काय घडते? या प्रश्नाचे एक काटेकोर उत्तर पुलांच्या शास्त्राबाहेर, संगणकाच्या जगात तयार झाले आहे.

४/ प्रोग्रामरने लिहिलेला मजकूर यंत्राला समजेल अशा रूपात आणण्याचे काम कंपायलर करतो. त्याला दोन प्रकारचे दोष दिसतात. पहिला एरर, म्हणजे चूक: व्याकरणच मोडले आहे, काम पुढे जाऊ शकत नाही. दुसरा वॉर्निंग, म्हणजे इशारा: व्याकरण ठीक आहे, पण अर्थ संशयास्पद आहे. चूक असली की कंपायलर थांबतो. इशारा मात्र तो पडद्यावर छापतो आणि काम पुरे करून देतो.

५/ एक उदाहरण घेऊ. नदीची पातळी धोक्याच्या खुणेइतकी झाली आहे का, हे एका प्रोग्रामला तपासायचे आहे. सी भाषेत तुलनेसाठी बरोबरची दोन चिन्हे लागतात. लिहिणाऱ्याकडून एकच पडले, तर तुलना होत नाही. उलट धोक्याच्या खुणेचा आकडाच नदीची पातळी म्हणून नोंदला जातो. नदी कोरडी असो वा दुथडी भरलेली, प्रोग्राम प्रत्येक वेळी धोकाच सांगतो. व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य निर्दोष आहे. कंपायलर फार तर एक ओळ छापतो: येथे तुलना अभिप्रेत होती काय?

६/ ती ओळ पहिल्या दिवशी वाचली जाते. ‘नंतर पाहू’ असे ठरते, कारण प्रोग्राम तर चालतो आहे. महिनाभरात अशा पन्नास ओळी साचतात, वर्षात पाचशे. मग खरोखर घातक असलेली पाचशे एकावी ओळ कोणाच्याच नजरेस पडत नाही. इशारा दिला जात असतो, पण ऐकण्याची सवय मोडलेली असते.

७/ अशा संशयास्पद जागा शोधण्यासाठी बेल लॅब्जमधील स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये ‘लिंट’ नावाचे साधन लिहिले. लिंट म्हणजे कापडावर साचणारा धाग्यांचा भुरा. पुढे हे काम कंपायलर स्वतःच करू लागले आणि जीसीसी या सर्वपरिचित कंपायलरमध्ये ‘डब्ल्यू-एरर’ हा पर्याय आला. त्याचा अर्थ एका वाक्यात सांगता येतो: प्रत्येक इशारा ही चूक माना. एकही इशारा शिल्लक असेल तर प्रोग्राम तयार होणार नाही. या पर्यायाने कंपायलरला नवे काही दिसू लागत नाही. त्याला जे आधीच दिसत होते, त्याला काम थांबवण्याचा अधिकार मिळतो.

८/ या कल्पनेचे एक जुने घराणे मागावर सापडते. जपानच्या साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये पूर्णत्वास नेलेला स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे, त्यामुळे सदोष कापड विणलेच जात नसे. त्यांच्या घराण्याच्या मोटार कारखान्यात पुढे हेच तत्त्व माणसांना लागू झाले. दोष दिसला की साध्या कामगाराने दोरी ओढायची. तो वेळेत दूर झाला नाही तर जुळणीची संपूर्ण रांग थांबते. अधिकाऱ्याची परवानगी त्यासाठी लागत नाही.

९/ आता पुन्हा सावित्रीकडे. दगडी कमानीचा पूल एकाएकी म्हातारा होत नाही. चुन्याचा दर्जा पाण्याने धुपतो, सांध्यांत झुडपे रुजतात, त्यांची मुळे दगड विलग करतात. या खुणा डोळ्यांना दिसतात. सर्वांत धोकादायक खूण मात्र पाण्याखाली असते. पुराचा वेगवान प्रवाह खांबाच्या पायाभोवतीची वाळू-माती उपसून काढतो. पूर ओसरू लागला की वरून येणारा गाळ तोच खड्डा पुन्हा भरतो. उन्हाळ्यात नदी आटलेली असताना वरवर पाहणाऱ्याला तळ अखंड दिसू शकतो. पायाने पुरात काय सोसले, हे मे महिन्याची नदी सांगत नाही.

१०/ याची किंमत इतरत्रही मोजली गेली आहे. पोर्तुगालमध्ये दोरो नदीवरचा हिंत्झे रिबेरो पूल ४ मार्च २००१ च्या रात्री कोसळला. एक बस आणि काही मोटारी नदीत गेल्या, ५९ माणसे दगावली. वर्षानुवर्षांच्या वाळूउपशाने खांबाचा तळ खचला होता. खात्याच्या मंत्र्यांनी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. तेथेही पुलाच्या प्रकृतीविषयी इशारे आधी दिले गेले होते. ते कागदावर राहिले आणि वाहतूक चालू राहिली.

११/ मग सगळेच इशारे चूक मानावेत काय? संगणकाच्या जगाने हाही प्रयोग करून पाहिला. सप्टेंबर २०२१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या गाभ्यासाठी हा नियम सरसकट लागू केला. निरनिराळ्या यंत्रांवर, निरनिराळ्या कंपायलरांसह काम करणाऱ्यांचे प्रोग्राम धडाधड अडू लागले. काही दिवसांतच नियमाचे क्षेत्र चाचणीपुरते आवरते घ्यावे लागले. जो इशारा किरकोळ गोष्टीसाठीही सगळ्यांना थांबवतो, तो लवकरच बंद करून ठेवला जातो.

१२/ महाड-पोलादपूरला ही अडचण पुस्तकातून शिकावी लागत नाही. जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते येथे दरडींनी घरे गाडली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच अतिवृष्टीत पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. तो सावित्रीच्या उगमाकडचा पाऊस होता.

१३/ पावसाळ्यात येथे पिवळे, नारंगी, लाल असे इशारे येतच असतात. प्रत्येक इशाऱ्याला गाव सोडायचे म्हटले तर भातलावणी कोणी करायची, गोठ्यातील गुरे कोठे न्यायची, किती रात्री शाळेच्या खोलीत काढायच्या? थांबण्याचा खर्च इशारा देणाऱ्याला सोसावा लागत नाही, तो ज्याला थांबावे लागते त्याच्या घरावर पडतो. ‘सतर्क राहा’ हे शब्द म्हणूनच पडद्यावरच्या त्या ओळीसारखे ठरतात. ते खरे असतात, पण कोणी, केव्हा, कोठे जायचे आणि त्याचा भार कोण उचलणार, हे त्यांत नसते.

१४/ म्हणून या नियमाचे मर्म सरसकट थांबण्यात नाही. कोणत्या मोजक्या खुणा दिसल्या की चर्चा न करता थांबायचे, हे आधी, शांत वेळी, ठरवण्यात ते आहे. नदीने पुलावरची ठरावीक खूण गाठली की पूल बंद. डोंगराला भेग दिसली की त्याच दिवशी वाडी रिकामी, आणि निवाऱ्याची सोय आधीच तयार. अपवाद करायचा असेल तर तो करणाऱ्याने कारण लिहून सही करावी. प्रोग्रामरही एखादा इशारा वगळतात तेव्हा जाणत्या प्रकल्पांत हीच शिस्त पाळली जाते.

१५/ दुर्घटनेनंतर पुष्कळ काही वेगाने झाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने देशातील पुलांची नोंदवही ठेवणारी व्यवस्था सुरू केली. तिच्यात प्रत्येक पुलाला ओळखक्रमांक आणि प्रकृतीचा दर्जा मिळतो. सावित्रीवरील नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ रोजी खुला झाला. नोंदवही असणे आवश्यकच आहे. तिच्यातील खालचा दर्जा पाहून त्याच दिवशी रस्त्यावर अडसर टाकण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यावर तिचा खरा उपयोग ठरेल.

१६/ त्या रात्री एक गोष्ट मात्र कोणत्याही नोंदवहीशिवाय घडली. पुलाजवळच्या गॅरेजमधील एका मेकॅनिकच्या लक्षात आले की पूल जागेवर नाही. तो रस्त्याकडे धावला आणि पुलाच्या दिशेने येणारी वाहने अडवू लागला. त्याच्या अंगावर गणवेश नव्हता, हाती आदेश नव्हता. त्याने थांबवलेल्या गाड्यांतील माणसे त्या रात्री उशिरा का होईना, घरी पोहोचली. थांबण्याचा नियम तेवढ्या अंतरापुरता, तेवढ्या वेळापुरता महामार्गावर लागू झाला होता. तो पूल पडण्याच्या तासभर आधी लागू करण्याचा अधिकार कोणाच्या तरी हाती असायला हवा होता.