नेफर्तितीचा कापडवाला

पुण्यात "त्याला ससूनला हलवलंय" असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण ससून हे एका माणसाचं नाव आहे, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात येत नाही. डेव्हिड ससून हा बगदाद सोडून मुंबईत स्थिरावलेला ज्यू व्यापारी. त्याच्या देणगीतून उभं राहिलेलं रुग्णालय १८६७ साली सुरू झालं, तोवर तो स्वतः गेलाही होता. त्याची कबर पुण्यातच आहे, लाल देवळाच्या आवारात. शाळेत इतिहास शिकवत होते तेव्हा हे सांगितलं की मुलं चकित व्हायची. "बाई, म्हणजे ससून खरंच कुणी होता?"

बर्लिनला आल्यावर मला त्याच्याच जातकुळीचा एक माणूस सापडला. हाही ज्यू, हाही कापसावर मोठा झालेला आणि हाही दोन्ही हातांनी देणारा. त्याचं नाव जेम्स सिमोन. आपल्याकडे पाहुणे आले की आपण त्यांना हमखास म्युझियम बेटावर नेतो, पण तिथल्या कितीतरी वस्तू ज्याच्यामुळे आल्या त्याचं नाव मात्र आपल्याला माहीत नसतं.

जेम्सचा जन्म १८५१ चा, बर्लिनचाच. वडील इझाक आणि काका लुई या दोघा भावांची सुती कापडाच्या घाऊक व्यापाराची पेढी होती. तिचं नावच 'गेब्रूडर सिमोन', म्हणजे सिमोन बंधू. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस युरोपला येईनासा झाला. त्याचे परिणाम आपल्याला मुंबईच्या इतिहासातून ठाऊक आहेत. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशांचा पाऊस पडला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच अनेकांची दिवाळखोरी निघाली. त्याच काळात इकडे बर्लिनमध्ये सिमोन बंधूंची गोदामं मालाने भरलेली होती. भाव चढले आणि पेढी बघता बघता युरोपातल्या मोठ्या कापड व्यापाऱ्यांत जाऊन बसली. या पैशाला डाग नव्हते असं नाही. अमेरिकेचा कापूस गुलामांनी वेचलेला होता आणि आपल्या ससूनच्या संपत्तीत तर चीनला जाणाऱ्या अफूचा मोठा वाटा होता.

जेम्सला खरं तर लॅटिन आणि ग्रीक शिकायचं होतं, प्राचीन जगाचा अभ्यास करायचा होता. पण मुलाने पेढीवर बसायचं हे ठरलेलं! पंचविशीतच तो भागीदार झाला आणि मनात राहिलेली हौस त्याने पैशातून पुरी केली. १८९८ साली स्थापन झालेल्या जर्मन ओरिएंट सोसायटीचा तो आधारस्तंभ होता. बॅबिलोनचं उत्खनन याच संस्थेने केलं. पेर्गामोन म्युझियम दुरुस्तीसाठी बंद होण्याआधी आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला तो निळाशार इश्तार दरवाजा त्याच उत्खननातला. इजिप्तमधल्या अमार्नाच्या उत्खननाचा खर्च तर सिमोनने स्वतः उचलला. तिथे ६ डिसेंबर १९१२ रोजी लुडविग बोरखार्टच्या हाती राणी नेफर्तितीचा पुतळा लागला.

गेल्या वर्षी सासूबाई आल्या होत्या, तेव्हा नॉयेस म्युझियममध्ये त्या या राणीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. तिथे फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे सगळे नुसते बघतच असतात. मग त्या हळूच म्हणाल्या, "एवढी देखणी बाई या लोकांकडे आली कशी गं?"

"चोरली असेल," माझी लेक म्हणाली. दहा वर्षांच्या मुलीला सगळं स्पष्ट दिसतं.

बाहेर आल्यावर मी दोघींना सांगितलं. त्या काळच्या नियमाप्रमाणे सापडलेल्या वस्तूंची वाटणी झाली आणि राणी सिमोनच्या वाट्याला आली. काही काळ ती त्याच्या घरी होती. १९२० मध्ये त्याने ती सरकारी संग्रहालयाला देऊन टाकली. ती वाटणी रास्त होती का, हा वाद आजही चालू आहे. पण पुढे ती परत द्यायची बोलणी निघाली, तेव्हा ती इजिप्तला जावी असं जाहीरपणे म्हणणाऱ्यांत खुद्द सिमोन होता. लेक यावर गप्प झाली.

सिमोनने एकूण सुमारे दहा हजार वस्तू बर्लिनच्या संग्रहालयांना दिल्या. घरी न्हाणीघर नसलेल्या कामगारांसाठी सार्वजनिक स्नानगृहं उभारायला, अडचणीतल्या मुलांना आसरा द्यायला, पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यूंना मदत करायला त्याने भरपूर पैसा खर्च केला. कृतज्ञता हे एक ओझं असतं, ते कुणावर लादू नये, असं तो म्हणत असे.

"म्हणजे गुप्तदान," सासूबाई म्हणाल्या. या हाताचं त्या हाताला कळू द्यायचं नाही!

त्यांचं म्हणणं खरं होतं, पण गोष्ट तिथे संपत नाही. पहिल्या महायुद्धानंतर पेढी खालावत गेली आणि शेवटी बुडाली. सिमोनने संग्रहातली चित्रं विकली, बंगला सोडला. २३ मे १९३२ रोजी तो वारला, तेव्हा परागंदा झालेल्या कैसरने हॉलंडहून पुष्पचक्र पाठवलं. आठच महिन्यांनी हिटलर सत्तेवर आला. दिलेल्या वस्तू जागच्या जागी राहिल्या, देणाऱ्याचं नाव तेवढं काढून टाकण्यात आलं. नेफर्तिती जर्मनीची शान ठरली आणि ती देणारा ज्यू कधी नव्हताच, असं झालं.

गुप्तदानात देणारा आपलं नाव स्वतःहून मागे ठेवतो, तो त्याचा मोठेपणा. दुसऱ्याने ते खरवडून काढणं ही चोरी. वरवर पाहता दोन्हीकडे नाव दिसत नाही, म्हणून हा फरक मुलांना मुद्दाम सांगावा लागतो. ससूनचं नाव निदान पुण्याच्या रिक्षावाल्यांच्या तोंडी राहिलं. सिमोनचं नाव या शहराला प्रयत्नपूर्वक परत लिहावं लागलं. श्प्रे नदीकाठच्या एका बागेला ते दिलं, गार्टनश्ट्रासेवरच्या पोहण्याच्या तलावाला दिलं आणि २०१९ च्या जुलैत म्युझियम बेटाची नवी प्रवेश-इमारत 'जेम्स-सिमोन-गॅलरी' या नावाने उघडली. त्याच्या मृत्यूनंतर तब्बल ८७ वर्षांनी!

आपणही इथे कुणाच्या तरी उभारलेल्या शहरात राहायला आलेली माणसं आहोत. या दिवाळीत पाहुणे आले आणि त्यांना बेटावर नेलंत, तर गॅलरीच्या पांढऱ्या खांबांपाशी फोटो काढण्यापूर्वी मुलांकडून ते नाव मोठ्याने वाचून घ्या. माझ्या लेकीला आता ते पाठ झालंय. परवा तिने वर्गातल्या मैत्रिणीला सांगितलं, "नेफर्तिती आमच्या आजीला आवडते, पण मला तो कापडवाला जास्त आवडतो."