ताक आणि भुकटीचा डबा

मेहकरच्या आमच्या धाकट्यास भरतीसाठी १६०० मीटर धावावयाचे आहे. तुरीचे पैसे हाती येताच त्याने ताकदीच्या भुकटीचा डबा मागितला. डब्यावर लिहिले होते : आत जिवंत जंतू!

जंतू म्हटले की आम्हांस रोगच आठवतो. परंतु आंबलेल्या दुधातील जंतू हितकर असतात, हे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मेचनिकॉफ ह्यांनी शतकापूर्वीच प्रतिपादिले होते. २०१९ साली अमेरिकेत बॉस्टनच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीतील धावपटूंच्या आतड्यांतले व्हेलोनेला नावाचे जंतू उंदरांस दिले, तेव्हा ते सुमारे १३ टक्के अधिक वेळ धावले. पण ते उंदीर! त्याच वर्षी क्रीडापोषणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने माणसांवरील प्रयोग तपासले. गुण जंतूच्या विशिष्ट जातीवर अवलंबून असतो. काही जातींनी खेळाडूंचे सर्दीपडसे कमी झाले, दमसास वाढल्याचा पुरावा मात्र एकसारखा नाही.

घरच्या ताकातही असे जंतू असतात. त्यांची जात वा संख्या कोणी मोजलेली नाही, म्हणून ताकास आम्ही औषध म्हणणार नाही. (कढी केली की ते मरतात, कढी रुचीपुरतीच.) प्रथिनांसाठी तुरीचे वरण, दूध, अंडी आहेतच.

तूर्त डबा आणलेला नाही. आणावयाचाच झाला, तर जंतूच्या जातीचे पूर्ण नाव व संख्या त्यावर छापली आहे का, हे वाचून दाखविण्याचे काम धाकट्याकडे दिले आहे.