पांढरी एक

मे 2021. टाळेबंदीत सकाळी बाहेर पडायला एकच सबळ कारण उरलं होतं, दूध. कात्रज डेअरीच्या दोन पिशव्या आणल्या, नळाखाली साबणाने धुतल्या आणि हात पुसून मोबाइल उघडला. वनराज भाटिया गेल्याची बातमी. वय 93.

"आई, 'मंथन'चे संगीतकार गेले."

पातेलं गॅसवर ठेवता ठेवता ती त्यातलं प्रीती सागरचं गुजराती गाणं गुणगुणू लागली. शब्द निम्मे चुकीचे, चाल मात्र पक्की. तिच्या माहेरी मुळशीत मामा डेअरीला दूध घालायचा. फॅट कमी लागली की दिवसभर घरात कुणी त्याच्या वाटेला जात नसे. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये काढून उभा केलेला 1976 चा तो सिनेमा तिला घरचाच वाटतो.

माझ्या लेखी भाटिया म्हणजे 'मंथन'चे दिग्दर्शक बेनेगल यांचे संगीतकार. 'भूमिका', 'भारत एक खोज', बस. बातमीत पुढे वाचलं तर लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक, मग पॅरिसला नादिया बूलाँजे यांच्याकडे शिक्षण. हा मुंबईचा माणूस पाश्चात्त्य अभिजात संगीताचा रीतसर रचनाकार होता, आणि पेटी वाजवण्यात पंधरा वर्षं घालवलेल्या मला त्याचा पत्ता नव्हता!

खरं सांगायचं तर आधुनिक पाश्चात्त्य रचनांचा मी धसका घेतला होता. एक-दोनदा ऐकायला बसलो, पण षड्जच हाती लागेना. शोनबर्ग या रचनाकाराने बाराही स्वर एका पंगतीला बसवले, कुणालाच 'सा'चा मान नाही. भाटिया युरोपात शिकत होते त्या 1950 च्या दशकात तिथल्या बऱ्याच तरुण रचनाकारांना हीच वाट पुढची वाटत होती. चाल बांधणं म्हणजे जवळजवळ गावंढळपणा.

शोधताना त्यांची पियानोची एक रचना सापडली, 'फँटेशिया अँड फ्यूग इन सी'. सी म्हणजे आपली पांढरी एक. पेटी ओढली, भाता हलवत ती पट्टी दाबून धरली आणि मोबाइल चालू केला. पियानो लांब लांब जायचा, माझी पांढरी एक मध्येच कानाला बोचायची, मग कुठूनसा तो तिच्यावर येऊन टेकायचा. सा होता.

फ्यूग सुरू झाला तशी आई ओट्यापाशीच थबकली. फ्यूगमध्ये एक जण मुखडा घेतो, तो पुरता संपतो न संपतो तोच दुसरा तोच मुखडा वेगळ्या स्वरावरून उचलतो, मग तिसरा.

"सगळे एकदम का बोलतायत?"

मी पेटी थांबवून बूलाँजेबाईंपासून सांगायला सुरुवात केली.

"गप रे," ती म्हणाली, "तो पहिलावाला परत आलाय बघ."