हिचा आधीचा नंबर काय?

जुनी गाडी बघायला गेलो की मी नंबरप्लेट सगळ्यात शेवटी बघतो. आधी पुढच्या काचेच्या तळाशी टॉर्च मारायचा, तिथला सतरा अक्षर-आकड्यांचा चॅसी नंबर वहीत उतरवायचा, मग दार उघडून चौकटीवरचा नंबर त्याच्याशी ताडून बघायचा, आणि मग विकणाऱ्याकडे लॉगबुक, म्हणजे आपलं आरसी बुक, मागायचं. तोवर तो बिचारा हीटर किती छान चालतो ते सांगत असतो. इंग्लंडात लोकांना सेकंडहँड गाड्या तपासून देणं हा माझा वीस वर्षांचा धंदा. मूळचा मी कोल्हापूरचा, एमएच ०९ पासिंगच्या गावचा. त्यामुळे नंबरची हौस म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको.

आपल्याकडे इंग्रजी ४१४१ जरा वळवून लिहिला की ‘दादा’ होतो, ८०५५ चा ‘बॉस’ होतो. कुणाला बेरीज नऊ लागते, कुणाला लग्नाची तारीख. पण आपल्याकडे नंबर सर्वसाधारणपणे गाडीला बारशालाच मिळतो आणि गाडी विकली की तिच्याबरोबर जातो. ब्रिटनमध्ये तसं नाही. इथे नंबर ही गाडीपासून सुटी होणारी वस्तू आहे. काढून ठेवता येते, दुसऱ्या गाडीला लावता येते, विकता येते. काही जण नंबर आधी घेतात आणि त्याला शोभेल अशी गाडी नंतर शोधतात.

हे वेड जुनं आहे. १९०३ च्या मोटार कायद्याने गाड्यांना नंबर सक्तीचे केले आणि १ जानेवारी १९०४ पासून ते लागू झाले. लंडनचा ‘ए १’ अर्ल रसेल यांच्या गाडीला मिळाला. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे हे थोरले बंधू. पुढे स्वान्सीच्या डीव्हीएलएने, म्हणजे इथल्या देशभराच्या एकमेव आरटीओने म्हणा, १९८९ पासून स्वतःच असे हौसेचे, म्हणजे ‘खाजगी’, नंबर विकायला काढले. २०१४ साली ‘२५ ओ’ हा नंबर कर आणि शुल्क धरून ५,१८,००० पौंडांना गेला. फेरारी २५० गाडीवर तो शोभणार होता, एवढंच त्याचं मोल. दुसऱ्याच वर्षी आपल्या देवाचा लिलाव झाला: के, आर, मग १५, मग एच, एन, ए. इंग्रजी एकाला ‘आय’ समजा, पाचाला ‘एस’ समजा, की ‘कृष्णा’ वाचता येतं. २,३३,००० पौंड! गोकुळात एवढ्या पैशांचं लोणी किती आलं असतं कोण जाणे.

आता मुद्द्याचं. २००१ च्या सप्टेंबरपासून इथल्या साध्या नंबरात दोन अक्षरं, दोन आकडे आणि तीन अक्षरं असतात. मधले दोन आकडे म्हणजे गाडीचं वय. १९ म्हणजे मार्च ते ऑगस्ट २०१९. ६९ म्हणजे त्यानंतरचे सहा महिने. पन्नास मिळवायचे की झालं. रस्त्यावरचं शेंबडं पोरही गाडीचं वय सांगू शकतं. खाजगी नंबर लावला की हा जन्मदाखला झाकला जातो. कायदा एवढंच म्हणतो की नंबरामुळे गाडी आहे त्याहून नवी दिसता कामा नये. म्हणजे ‘कृष्णा’ २०१४ च्या गाडीला लावता येणार नाही, २०२० च्या गाडीला खुशाल लावा. पण वर्ष न सांगणारे नंबरही असतात. त्यातले उत्तर आयर्लंडचे, ‘आय’ किंवा ‘झेड’ अक्षर असलेले, स्वस्तात मिळतात आणि कुठल्याही वयाच्या गाडीला चालतात. त्यात कुणाचं नाव नसतं, कसली गंमत नसते. असा निरर्थक नंबर एखाद्या साध्या हॅचबॅकवर दिसला की माझी भुवई वर जाते. हौस नाही, मग लपवायचंय काय?

ही भुवई मी पैसे मोजून कमावलेली आहे. इथे आलो तेव्हा धंद्यात नव्हतो, एका कारखान्यात कामाला होतो. माझी पहिली गाडी अशाच ‘झेड’वाल्या नंबराची. विकणाऱ्याने एक वर्ष सांगितलं, गाडी चकाचक होती, मी मान डोलावली. लॉगबुकावर पहिल्या नोंदणीची तारीख स्वच्छ छापलेली असते. ती मी घरी येऊन वाचली. गाडी सांगितल्यापेक्षा तीन वर्षांनी म्हातारी निघाली. बायको काही बोलली नाही. आमच्या घरात ते बोलण्यापेक्षा वाईट.

आज असं वय लपवणं इतकं सोपं राहिलेलं नाही. सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की पहिल्या नोंदणीचा महिना फुकट कळतो, आणि एमओटीचा, म्हणजे वार्षिक तपासणीचा इतिहास, दर वर्षीच्या किलोमीटर... नव्हे, मैलांसकट दिसतो. त्यामुळे हल्ली वयापेक्षा भूतकाळ लपतो. अपघातात मोडलेल्या गाडीचे लिलावातले फोटो इंटरनेटवर असतात ते जुन्या नंबराखाली. गॅरेजची बिलं, सर्व्हिसचे शिक्के, काचेवर कोरलेला नंबर, किल्लीला अडकवलेली चिठ्ठी, सगळीकडे जुनं नाव. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला: हिचा आधीचा नंबर काय? सरळ माणूस लगेच सांगतो, बहुतेकदा फाइलच काढून देतो. खरं सांगायचं तर हौसेने नंबर लावणारे बरेच जण गाडीही पोटच्या पोरासारखी ठेवतात. नंबर खाजगी आहे म्हणून गाडी वाईट, असं मी कधीच म्हणणार नाही. पण ‘आठवत नाही’ असं उत्तर आलं, तर पैसे भरून मिळणारा इतिहासाचा अहवाल चॅसी नंबरावरून काढल्याशिवाय मी पुढे जात नाही. त्यात नंबर किती वेळा बदलला, कर्ज बाकी आहे का, विमा कंपनीने गाडी मोडीत काढली होती का, हे येतं.

वयाची फसवणूक एकवेळ परवडली. त्याहून मोठा घोळ नंबर कुणाचा, यावरून होतो. पुण्याहून आलेला आयटीतला एक मुलगा, मला काका म्हणतो. त्याला एक गाडी आवडली. नंबर असा, की त्याच्या बायकोचं नाव वाटावं. मी गाडी तपासली, उत्तम होती. विकणारा म्हणाला, नंबर माझा आहे, मी काढून घेणार. मी मुलाला बजावलं, आधी काढू दे, नवं लॉगबुक येऊ दे, मग पैसे दे. पोरगं हो हो म्हणालं आणि शनिवारी मला न विचारता पैसे देऊन गाडी घेऊन आलं.

इथला नियम असा आहे. विक्रीआधी नंबर काढून घेतला नाही, तर तो गाडीबरोबर नव्या माणसाकडे जातो. काढायला ८० पौंड पडतात, ऑनलाइन काही मिनिटांचं काम. मग डीव्हीएलए गाडीला बहुधा तिचा मूळ नंबर परत देते आणि खाजगी नंबरासाठी वेगळा कागद देते. त्या विकणाऱ्याने विक्रीची खबर न देता शनिवारीच हे उरकून घेतलं. लॉगबुक अजून त्याच्याच नावावर, त्यामुळे यंत्रणेला त्यात काही वावगं दिसलं नाही. सोमवारी सकाळी आमचा मुलगा बायकोचं नाव मिरवत हमरस्त्याने ऑफिसला निघाला. आता ती पाटी त्या गाडीची नव्हती आणि विमा त्या पाटीवर होता. इथे पोलिसांचे कॅमेरे येणारी-जाणारी प्रत्येक पाटी वाचतात. पंधरा मिनिटांत मागे निळे दिवे. पोलिसाने काचेखालचा चॅसी नंबर वाचला, विमा कंपनीला फोन लावला, दोन तासांनी सोडलं. माणूस समजूतदार निघाला, नाहीतर विम्याशिवायची गाडी म्हणून ती जप्त होऊ शकली असती. नवं लॉगबुक अर्थातच विकणाऱ्याच्या पत्त्यावर गेलं. ते मिळवण्यात आणि नावावर करून घेण्यात दीड महिना गेला.

विकणारा लबाड होता का? मला नाही वाटत. त्याने आधीच सांगितलं होतं की नंबर माझा. फक्त क्रम उलटा झाला.

उलट बाजूही बघितलेली आहे. विकणारा नंबर काढायला विसरतो आणि महिनाभराने रडकुंडीला येऊन फोन करतो, की आजोबांपासून घरात चालत आलेला नंबर होता हो. अशा वेळी घेणाऱ्याने तो परत द्यावा असं माझं मत. कायदा घेणाऱ्याच्या बाजूने असला तरी.

आणि किंमत. नंबर गाडीबरोबर येणार म्हणून कुणी पाचशे पौंड जास्त मागितले, तर तो नंबर बाजारात सुटा कितीला मिळतो ते आधी बघा. दुसऱ्याच्या नावाची आद्याक्षरं तुमच्या काही कामाची नाहीत. नंबर बदललात तर विमा कंपनी, पार्किंगची परवानगी, लंडनच्या टोलची खाती, सगळीकडे कळवावं लागतं. एखादं ठिकाण राहिलं की दंडाचं पाकीट येतंच. स्क्रू ठोकून किंवा अक्षरं पुढेमागे सरकवून नाव वाचायला सोपं केलेलं असेल, तर तशी पाटी एमओटीत नापास होते आणि हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘दादा’ आणि ‘बॉस’वाल्यांनी इकडे येताना हे ध्यानात ठेवावं.

हा अंक ब्रिटनमधल्या बऱ्याच मराठी घरांत जातो, म्हणून शेवटी एक विनंती. खाजगी नंबराची गाडी घेत असाल, तर पैसे पाठवण्याआधी विकणाऱ्याकडून दोन ओळी ईमेलवर लिहून घ्या: नंबर गाडीबरोबर येणार की नाही, आणि येणार नसेल तर मूळ नंबराचं नवं लॉगबुक त्याच्या हातात आलं का. आलं नसेल, तर चहा घ्या आणि घरी या.