उन्हाचा जमाखर्च

आमच्या गिरगावातल्या चाळीच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ हमखास 'उद्बोधक' असते. पाककृती स्पर्धा आणि ऑर्केस्ट्रा यांच्यामध्ये जी पोकळी उरते, तिथे ती बसवतात. बचत, मूळव्याध आणि ग्रहमान या तिन्ही विषयांवर मी आजवर तिथे मनसोक्त घोरलो आहे. यंदाचा विषय होता 'ऊन आणि आपली त्वचा'. बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे ट्यूबलाइटखाली पिकलेल्या माझ्या त्वचेला उन्हाची काय मातब्बरी? पण सौ. म्हणाली, "चला हो." गेलो.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच वाक्यात झोप उडवली. "घड्याळ नको, सावली बघा. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कडक समजायचं."

"आणि दिसलीच नाही तर?" मागून कुणीतरी ओरडलं.

लोक हसले, पण प्रश्न बरोबर होता. मुंबईत मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली गडप होते. (जुलैत ढगांमुळे सूर्यच गडप असतो.) मी वडापाव खायला बाहेर पडतो तो त्याच मुहूर्तावर.

मग सनस्क्रीन. चेहऱ्याला-मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, उन्हात असलो तर दर दोन तासांनी. एसपीएफ ३० असेल तर कातडी भाजणाऱ्या किरणांचा तिसावा हिस्सा आत येतो, ५० असेल तर पन्नासावा. मी तिथेच हिशेब मांडला. ३० ने अडतात शेकडा ९६.६७, ५० ने ९८. वीस आकडे जास्त मोजून पदरात पडतो जेमतेम सव्वा टक्का! याहून जास्त व्याज सेव्हिंग खात्यावर मिळतं. बाईही म्हणाल्या, आकड्याच्या मागे लागू नका, पुरेसं लावा; शिवाय छत्री आणि लांब बाह्या आहेतच.

इथवर मी खुशीत होतो. मग त्यांनी विचारलं, "वांगावर मेडिकलमधून परस्पर मलम आणून कोण कोण लावतं?"

एकही हात वर झाला नाही. तिसऱ्या रांगेत सौ. मान खाली घालून बसली होती. मलम मी आणलं होतं. भाचीच्या लग्नाआधी, "वहिनींना आठ दिवसांत फरक पडेल" या दुकानदाराच्या भरवशावर. फरक पडलाही. लग्नात बायकांनी विचारलं, मी छाती फुगवली. पुढे जरा ऊन लागलं की चेहरा लालबुंद, नुसती आग. बंद केलं की जास्तच, म्हणून पुन्हा लावायचं. बाई जणू आमच्याच खोलीत राहून आल्यासारख्या हे सगळं सांगत होत्या. त्यात स्टिरॉइड असतं, त्यानं कातडी पातळ होते आणि उन्हाला दार उघडं मिळतं. मार्च २०१८ मध्ये सरकारने चौदा स्टिरॉइडांच्या मलमांना डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची केली. सहीत वेलांटी चुकली तर चेक परत करणारा मी. इथे चिठ्ठीवाचून पैसे मोजून आलो होतो.

कार्यक्रम संपल्यावर बाईंना गाठलं. "मलम मी आणलं होतं."

"उद्या एकदम बंद करू नका. त्यांना ओपीडीत घेऊन या, हळूहळू सोडवू."

दुसऱ्या दिवशी निघताना माळ्यावरची काळी छत्री काढली आणि रखरखीत उन्हात तिच्या डोक्यावर धरली. गॅलरीतून काका ओरडले, "पाऊस कुठाय रे?"

"पाऊस नाही काका," सौ. म्हणाली, "ह्यांना मलमावर फुकट मिळालीय."