पंचवटीत तापलेली जीप

नाशिकला गोदावरीवरचा होळकर पूल ओलांडला की पंचवटी लागते. मालेगाव स्टँड, पंचवटी कारंजा, निमाणी, दिंडोरी नाका अशी एकामागून एक गर्दीची ठिकाणे. खाली रामकुंड, आत गल्लीत काळाराम मंदिर. याच मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुढे पाच वर्षे लढवला. ती जागा मुलांना दाखवावी म्हणून मे महिन्यात आम्ही तीन कुटुंबे कल्याणहून निघालो.

गाडी आमच्या मावसभावाची. वीस वर्षांची डिझेल जीप. आठवडाभर बाजारगावांचे प्रवासी आणि भाजीचे क्रेट वाहायचे, त्यावर घर चालवायचे. गाडी चार दिवस उभी राहिली तर चूलही थंडावते, असा हिशोब.

पहाटे कसारा घाट चढलो, इगतपुरीला चहा झाला. नाशिक शहराच्या अलीकडे त्रिरश्मी डोंगरावरची लेणी पाहिली. खडकात कोरलेल्या पाण्याच्या पोढी पाहून मुले तिथून हलेनात. दुपारी पंचवटीत शिरलो आणि गर्दीत अडकलो. दहा पावले पुढे, पाच मिनिटे उभे. कारंजाजवळ तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला आणि बॉनेटमधून वाफा निघू लागल्या.

भावाने गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. मुलांना सावलीत बसवले. एक तरुण मदतीच्या भावनेने पाण्याची बादली घेऊन धावत आला. भावाने त्याला हात जोडून थांबवले. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतले तर हेडला तडा जाण्याची भीती असते. आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडले तर आतले दाबाखालचे पाणी एकदम उसळून तोंडावर येते. दरवर्षी उन्हाळ्यात अशाने किती तरी हात भाजतात. म्हणून तासभर थांबायचे, हे पहिले काम.

जवळच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेटखाली नजर टाकली आणि निकाल दिला, "हेड गॅस्केट गेलंय. हेड उतरवावं लागेल." खर्च पंधरा-वीस हजार. भावाचा चेहरा उतरला. जूनमध्ये दोन मुलांची फी, वह्या-पुस्तके. आम्ही म्हणालो, आणखी एकाला दाखवू. गाडी निवल्यावर पाणी भरून दिंडोरी नाक्याच्या बाजूला एका वयस्क मिस्त्रींकडे नेली.

त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. आधी विचारले, "भाऊ, घाटात तापली होती का?"

भाऊ आठवू लागला. वहिनी पुढे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नाही काका. घाटात काटा मधेच होता, मी बघत होते ना. इथं गर्दीत थांबलो, तसा चढायला लागला."

"मग निम्मं काम तुम्हीच केलं, बाई," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी समजावले ते असे. डिझेल जळून जी उष्णता होते, तिचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भागच गाडी ओढतो. तेवढीच धुरावाटे जाते आणि तेवढीच पाण्याला बाहेर काढावी लागते. वॉटर पंप पाणी फिरवतो, रेडिएटर ते थंड करतो. घाटात खालच्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरते, म्हणून पंखा आणि पंपही जोरात फिरतात. त्यात पहाटेची हवा थंड. गाडी उभी असताना मात्र सारा भार हळू फिरणाऱ्या पंख्यावर. चढावर किंवा हमरस्त्यावर वेगात तापत असेल, तर रेडिएटर आतून तुंबलेला असण्याचा, पंप कमजोर असण्याचा संशय घ्यावा. फक्त उभी असताना तापत असेल, तर वाऱ्याची वाट पाहावी. सकाळी सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापली, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल.

तरी गॅस्केटची शंका त्यांनी सोडली नाही. इंजिन पुरते थंड झाल्यावर झाकण काढून ते सुरू केले. पाण्यात सतत बुडबुडे येतात का, हे पाहिले. आले नाहीत. ऑइलची पट्टी काढून पाहिली. पाणी मिसळले तर ऑइल दुधाळ होते. इथे काळेच होते. एक्झॉस्टमधून पांढरा धूर नव्हता. गॅस्केट शाबूत असल्याचीच ही सारी लक्षणे. मग पंख्याचा पट्टा दाबून पाहिला, पंखा हलवून पंपाचे बेअरिंग पाहिले, खालचा होज पाइप रेस दिल्यावर आत चिपतो का तेही पाहिले. सारे ठीक.

शेवटी रेडिएटरच्या मागे बॅटरी धरली. वरच्या भागातून उजेड दिसला, खालच्या अर्ध्यात अंधार. भाजीच्या बाजारातला भुसा, धूळ आणि किडे जाळीत बसले होते. शिवाय पंख्याभोवतीचा घेर नव्हता. आधीच्या मालकाने कधीतरी रेडिएटर बदलताना तो बसवलाच नसावा. घेर नसेल तर पंखा तीच गरम हवा पुन्हा ओढत राहतो. झाकणाचे रबरही कडक झाले होते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. इथे उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. झाकण दाब धरत असेल तर रेडिएटरमधले पाणी शंभराच्या बरेच पुढे जाईपर्यंत उकळत नाही. झाकण ढिले पडले की तो आधार जातो.

इंजिनच्या बाजूने बाहेर हलकी धार मारून जाळी धुतली. जोराची धार मारली असती तर पातळ पाती दुमडली असती. जुन्या बाजारातून घेर आणला, झाकण नवे बसवले. सारे दीड हजाराच्या आत. मग उन्हात अर्धा तास इंजिन चालू ठेवून गाडी उभी केली. काटा मध्यावरच राहिला. मुलांना काळाराम मंदिर दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवले.

जुनी गाडी चालवून पोट भरणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी मिस्त्रींच्या आणखी तीन गोष्टी. थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी चालवण्याची सवय बरी नव्हे. इंजिन थंड राहून डिझेल जास्त लागते आणि झीजही वाढते. बोअरच्या पाण्यात क्षार फार, त्याने रेडिएटर आतून तुंबतो. स्वच्छ, मृदू पाणी आणि कूलंट वापरावे. कूलंट चवीला गोड पण विषारी असते. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये, मुलांच्या हाती लागू देऊ नये, सांडले तर धुऊन टाकावे.

आणि गॅरेजमध्ये गेल्यावर "गाडी तापते" एवढेच सांगून थांबू नका. कुठे तापली, केव्हा तापली, चालताना की उभी असताना, पाणी किती कमी झाले, हे सांगा. स्वस्तातल्या तपासण्या आधी करून घ्या, हेडला हात लावायचा तो त्यानंतर.