लाल दिव्याची वजाबाकी

परवा साताऱ्याहून सांगलीला आत्याकडे गेलो होतो. माळ्यावर सामान काढताना एक जुनी प्लॅस्टिकची डबी हाताला लागली. आत चार निकॅडचे सेल, एक एसएल100 ट्रान्झिस्टर, दोन रेझिस्टर आणि त्या ट्रान्झिस्टरला चिकटवलेला एक छोटा लाल एलईडी. माझीच करामत, 2007 च्या उन्हाळ्यातली!

तेव्हाचं भारनियमन आठवतं ना? आत्याकडे दिवे नेमके संध्याकाळी जायचे, आणि जेवणाआधी मामांना (आत्याच्या यजमानांना आम्ही मामाच म्हणतो) इन्सुलिन द्यायचं असायचं. सिरिंजवरच्या त्या बारीक रेघा... मी हौसेनं पांढऱ्या एलईडींचा दिवा करून दिला. आठवड्यात आत्याचा फोन, "अरे, तुझा दिवा अर्ध्या तासात मान टाकतो बघ. काल मेणबत्तीत तीनदा रेघा मोजल्या, तरी धीर होईना. शेवटी लाईट येईपर्यंत हे उपाशी बसले."

फार लाज वाटली. चूक माझीच होती. सेल भरायला मी साधा एक रेझिस्टर लावला होता. घरातली वीज 170 व्होल्टपर्यंत बसली, की माझे 12 व्होल्ट 9 व्हायचे आणि सेलमध्ये जाणारा प्रवाह थेट निम्म्यावर यायचा. सेल भरणार कसे?

मग हा लाल एलईडी आला. उजेडासाठी नाही, मापासाठी! लाल एलईडीवर साधारण 1.9 व्होल्ट राहतात, मागचा पुरवठा वरखाली झाला तरी त्यात किरकोळच फरक पडतो. त्यातले 0.7 ट्रान्झिस्टर खातो. उरलेले 1.2 एमिटरच्या 22 ओहमवर पडले, की प्रवाह 55 मिलिअँपिअरच्या आसपास बांधला जातो. 600 मिलिअँपिअर-तासाच्या सेलला चौदा-सोळा तास भरायला अगदी बेताचा.

पण खरी गंमत पुढे आहे. हे सगळं साताऱ्याच्या गारव्यात जुळवलेलं, आणि राहणार सांगलीत, मे महिन्यात, पत्र्याखाली. तापलं की ट्रान्झिस्टरचे 0.7 व्होल्ट दर अंशाला सुमारे 2 मिलिव्होल्टनं घटतात. एलईडीचेही जवळजवळ तेवढेच! तीस अंशांनी तापलं तर 1.9 चे 1.84, 0.7 चे 0.64. वजाबाकी तीच, 1.2. एलईडीच्या जागी दोन साधे डायोड लावले असते, तर ते दुप्पट घसरले असते आणि वजाबाकीही बिघडली असती. म्हणून तर एलईडी ट्रान्झिस्टरला चिकटवला, दोघं बरोबरच तापावेत म्हणून. शिवाय तो पेटलेला दिसला की आत्याला कळायचं, वीज आहे, सेल भरताहेत.

त्यानंतर दिव्यानं मान टाकली नाही. मामा सात वर्षांपूर्वी गेले. घरात आता इन्व्हर्टर आहे.

परवा डबी जोडून पाहिली. सेल केव्हाच मेलेत, पण नवे घालून मीटर लावला तर 54! आत्याला दाखवला. तिला आकड्याचं काय... ती त्या लाल ठिपक्याकडे बघत राहिली. म्हणाली, "हा पेटला की हे म्हणायचे, चला, आज वेळेवर जेवण."

डबी तिथेच ठेवून आलो. असो.